मराठवाडीपण नेमके कुठे सापडते? (आजोबांच्या पेटीतल्या एका कागदावरून)

गोदाकाठ

गेल्या दिवाळीत परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जुन्या घराचे माळवद उतरवले. ज्यांनी माळवद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : सागवानी तुळया, त्यांवर किलचा, आणि सगळ्यांत वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात या छपराखाली पंख्याची आठवण होत नाही, आणि पावसाळ्यात मात्र दर दोन वर्षांनी नवी माती चढवावी लागते. ती चढवणारी माणसे आता गावात मिळत नाहीत, म्हणून उतरवावे लागले.

माजघराच्या भिंतीत कडेला एक कोनाडा बुजवलेला होता. त्यात आजोबांची लाकडी पेटी निघाली. पेटीत कागदांची तीन बंडले होती. पहिले मोडीतले, बहुधा धान्याच्या देण्याघेण्याचे. दुसरे बाळबोध अक्षरांतले, म्हणजे नातेवाइकांची पत्रे. तिसऱ्यात मात्र एकच कागद होता, कापडात गुंडाळलेला, संपूर्ण उर्दूत, खाली गोल शिक्का. नव्वदीतल्या आजीने तो लांबूनच पाहिला आणि म्हणाली, "हे मुंतखब हाय. जमिनीचं हाय. जपून ठिवा." घरात आज उर्दू वाचणारे कोणीही नाही. आजोबा सातवीपर्यंत उर्दूत शिकले होते. पत्रे ते मराठीत लिहीत, पण सही उर्दूत करीत. वडिलांना त्या लिपीचे एक अक्षर येत नव्हते, आणि मलाही येत नाही.

या कागदामुळे माझ्या डोक्यात जे सुरू झाले ते इथे मांडतो. मराठवाड्याबद्दल बोलायचे झाले की आपल्याकडे दोनच पाठ तयार असतात. एक म्हणजे संतांची भूमी : आपेगाव, पैठण, नरसी, गंगाखेड, तेर, जांब, अंबाजोगाई ही नावे एका दमात घ्यायची आणि हात जोडायचे. दुसरा म्हणजे मागास भाग : अनुशेष, दुष्काळ, टँकर, स्थलांतर. हे दोन्ही पाठ खोटे आहेत असे मी म्हणत नाही. परंतु पहिला पाठ बाराव्या-तेराव्या शतकापासून निघून सतराव्या शतकाशी थांबतो आणि दुसरा १९५६ च्या पुढे सुरू होतो. मधली सव्वादोनशे वर्षे, म्हणजे १७२४ ते १९४८ हा हैदराबादच्या निजामाच्या राज्याचा काळ, या दोन्ही पाठांत केवळ "निजामी जुलूम" एवढ्या दोन शब्दांत आटोपली जातात. आपली बोली, आपल्या जमिनीचे कागद, आपल्या घरांची बांधणी, आपल्या स्वयंपाकातले कितीतरी पदार्थ त्याच वर्षांत घडले. पश्चिम महाराष्ट्रातला मराठी माणूस आणि आपण यांच्यात जो फरक दोन्हीकडच्या लोकांना जाणवतो, पण नीट सांगता येत नाही, तो याच काळात पडला असावा असे मला वाटते.

जमीन पाहा. कुळाचा प्रश्न आला की आजही मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम काढावा लागतो. पुण्याच्या वकिलाला तो पाठ नसतो, आमच्या तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलाला तो झोपेतही आठवतो. राज्य जाऊन पाऊणशे वर्षे उलटली, तरी त्याचे नाव कायद्याच्या कपाळावर तसेच आहे.

जाणकारांनी लिहावे. आणि कोणी उर्दू वाचणारे असतील तर कागदाबद्दलही सांगावे.

---

उदगीरचा वाटसरू

विषय चांगला काढलात. मी एक भर घालतो, कारण आमच्या भागाबद्दल पुष्कळांना कल्पना नसते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते : तेलंगणाचे आठ, मराठवाड्याचे पाच आणि कानडी मुलखाचे तीन. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थानाची तीन भाषांत वाटणी झाली तेव्हा आमचे तालुके उस्मानाबादला जोडले गेले, आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे आले. माझ्या आजोबांचा जन्म, शाळा आणि पहिली नोकरी या तीनही गोष्टी एकाच घरात राहून झाल्या, पण त्यांचा जिल्हा आणि राज्य मात्र बदलत गेले. जुना फेरफार किंवा इनामाची नोंद शोधायची झाली की आमच्याकडची माणसे अजून "बीदरला जाऊन या" असे म्हणतात.

त्यामुळे ओळखीचा प्रश्न आमच्याकडे जरा निराळा आहे. आमच्या आळीत मराठी बोलणाऱ्या घरातली आजी कानडीत शिव्या देत असे, बाजारात दखनी चाले, आणि देवळात भजन मराठीत होई. यातले कोणते खरे मराठवाडी असे मला कोणी विचारले, तर मी गप्प बसेन. (मराठी इतिहासात उदगीरचे नाव येते ते १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला म्हणून. त्या लढाईपलीकडे आमच्या गावाची विचारपूस कोणी करीत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.)

---

जुने पान

मी निवृत्त शिक्षक आहे. गोदाकाठ यांचा हेतू प्रामाणिक आहे हे मान्य करूनही काही गोष्टी स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण अलीकडे निजामी काळाला एक मखमली अस्तर लावण्याची हौस वाढली आहे.

"निजामी जुलूम" हे दोन शब्द तुम्हाला अपुरे वाटतात. ज्यांनी ते सोसले त्यांना ते पुरेसे होते. उर्दू ही सुंदर भाषा आहे, याबद्दल वाद नाही. १८८० च्या दशकात फारसी जाऊन ती दरबाराची भाषा झाली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचेही माध्यम झाली. देशी भाषेतून विद्यापीठ चालवता येते हे दाखवणारा तो मोठा प्रयोग होता, हेही खरे. परंतु ती देशी भाषा कोणाची होती? परभणीच्या किंवा बीडच्या मुलाची नव्हती. त्याला चार इयत्ता मराठीत शिकून पुढे अनोळखी लिपीत उडी मारावी लागे, आणि ज्यांना ती जमत नसे ते शेतावर परतत. खाजगी शाळा काढायला परवानगी लागे. सभा घ्यायला परवानगी लागे. "गश्ती निशाण ५३" हे शब्द माझे वडील ज्या स्वरात उच्चारीत, तो स्वर मला अजून ऐकू येतो. त्या परिपत्रकामुळे साधी सभा भरवायचीही चोरी झाली होती.

याच कोंडीतून आपली आधुनिक ओळख घडली, असे माझे मत आहे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, औरंगाबादचे सरस्वती भुवन ही नुसती शाळांची नावे नाहीत. स्वामी रामानंद तीर्थ हे जन्माने विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचे. ते हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक म्हणून आले आणि मराठवाड्याचे झाले. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. १९३८ मध्येच वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यांतले अनेक जण शिकायला नागपूरला गेले. पुढे स्वातंत्र्यसैनिकांचे सरहद्दीवरचे कॅम्प, उमरीच्या बँकेवर त्यांनी घातलेली धाड, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीने रात्रीतून रिकामी झालेली गावे. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर आम्ही आणखी तेरा महिने थांबलो. १७ सप्टेंबर १९४८, म्हणजे हैदराबाद भारतात आले तो दिवस, उर्वरित महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकात चार ओळींत संपतो, आणि आपल्याला राग येतो तो त्या चार ओळींचा.

तेव्हा पेटीतला कागद जरूर जपा. पण तो कोणत्या सक्तीने उर्दूत लिहिला गेला, हेही त्याच कापडात बांधून ठेवा.

---

शहागंज

माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आहे आणि माझे घर चार पिढ्यांपासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. जुने पान सरांच्या बोलण्यातला इतिहास मला मान्य आहे. त्याला एक पान जोडतो. हैदराबादवरच्या लष्करी "पोलीस कारवाई"नंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान कुटुंबांवर जे ओढवले, त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली होती. त्या लोकांत रझाकारांशी काडीचाही संबंध नसलेले शेतकरी आणि विणकर होते. आमच्या घरात १७ सप्टेंबरला झेंडावंदनालाही जातात आणि आजीच्या माहेरच्या माणसांची आठवणही काढतात. दोन्ही गोष्टी आमच्याच आहेत.

आता कागदाविषयी. मुंतखब म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर दिलेला अधिकृत उतारा. त्यात इनाम कोणत्या प्रकारचे (मदतमाश, खिदमतमाश वगैरे), कोणाच्या नावे, कोणत्या मौजातले, किती क्षेत्र, अशी माहिती रकान्यांतून येते. नुसता गोल शिक्का पाहून त्याला मुंतखब म्हणता येणार नाही. तसा शिक्का तहसिलीच्या साध्या पावतीवरही असे. मराठवाड्यातल्या प्रत्येक आजीच्या दृष्टीने उर्दू कागद म्हणजे मुंतखबच असतो, हा माझा अनुभव आहे.

कागदावर साल पाहा. ते फसली, म्हणजे निजामी कारभारातले महसुली साल, असेल. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येते, महिन्याप्रमाणे एखाद्या वर्षाचा फरक पडतो. महिने आजूर, दै, बहमन असे इराणी नावांचे असतील आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होईल. रक्कम लिहिली असेल तर ती हाली सिक्क्याची, म्हणजे हैदराबादच्या स्वतःच्या रुपयाची, समजावी. सात हाली रुपयांना सहा कलदार (इंग्रजी रुपये), असा भाव होता. बाजारात आमचे वडीलधारे "कलदार देणार की हाली?" असे विचारीत, आणि खणखणीत माणसाला "कलदार माणूस" म्हणत.

जाता जाता भाषेबद्दल एक गंमत. आमची दखनी ऐकून उत्तरेचे लोक हसतात, कारण आम्ही "वोइच", "ऐसाच", "नक्को" असे बोलतो. हा "च" आणि हा "नको" मराठीने आम्हाला दिला. वली आणि सिराज हे कवी ज्या गावात गझला लिहीत होते, त्या गावच्या उर्दूला मराठीचे शेपूट होतेच.

---

पूर्णाकाठ

बोलीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी अठरा वर्षांचा असताना शिकायला पुण्यात आलो. वसतिगृहातल्या पहिल्याच संध्याकाळी खोलीतल्या मुलाने विचारले, काय करतोस? मी म्हणालो, "जेवायलो." तो हसला आणि म्हणाला, "जेवायला? मग जा की." त्याला वाटले मी जेवायला निघालो आहे. मी तर ताटावर बसलेलो होतो.

या "जेवायलो"चे व्याकरण मला पुष्कळ वर्षांनी कळले. "करू लागलो" याचा अर्थ प्रमाण मराठीत क्रिया सुरू केली असा होतो. आपल्याकडे तोच "लागलो" झिजत झिजत क्रियापदाला चिकटला आणि चालू असलेल्या क्रियेचा अर्थ सांगू लागला. परभणी-नांदेडकडे "करायलो", लातूर-धाराशिवकडे "करलालो" किंवा "करूलालो". ही चूक नव्हे. भाषेने स्वतःसाठी घडवलेला एक स्वतंत्र काळ आहे. परंतु त्या वयात हे मला सांगणारे कोणी नव्हते. मी तीन महिन्यांत "जेवतोय" शिकलो आणि "मव्हं", "तुव्हं", "कव्हा", "औंदा" हे शब्द सुटकेसमध्ये घालून ठेवले. सुट्टीत गावी जाताना परभणी स्टेशन आले की ते आपोआप बाहेर येत.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. "मराठवाडी बोली" असे आपण एकवचनात म्हणतो, तसे काही नाही. शेताला आमच्याकडे वावर म्हणतात, लातूरकडे रान म्हणतात. किनवटकडच्या मराठीत तेलुगू आणि गोंडी मिसळलेली आहे, सिल्लोड-सोयगावकडची मराठी खानदेशाकडे झुकते, आष्टी-पाटोद्याची माणसे बोलताना नगरची वाटतात. मग ही सगळी मंडळी मराठवाडी कशावरून? पुण्यात आम्हा सगळ्यांना एकाच नावाने हाक मारली जात होती, एवढे एक कारण मला नक्की ठाऊक आहे.

---

काळी माती

पूर्णाकाठ दादांचे शेवटचे वाक्य मला पटले आणि टोचलेही. ओळख इतरांनी मारलेल्या हाकेवर कशी ठरेल? मी औसा तालुक्यातली आहे, सध्या ठाण्यात राहते. येळवस आली की मला कोणी हाक मारावी लागत नाही.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, पंचांगातल्या भाषेत वेळ अमावास्येला, लातूर आणि धाराशिवची गावे ओस पडतात. लातूरच्या बाजारपेठेत शटर खाली, शाळांना स्थानिक सुट्टी, रस्त्यावर शुकशुकाट, आणि सगळी माणसे रानात. आदल्या रात्री आई झोपत नसे. भज्जी रात्रीच शिजवायची. ओल्या तुरीचे आणि वाटाण्याचे दाणे, हरभऱ्याची भाजी, शेंगदाणे, चिंचेचा कोळ, आणि सगळ्याला धरून ठेवणारे हरभऱ्याच्या डाळीचे पीठ. ती ढवळायला मोठा लाकडी डाव लागे आणि ढवळण्याचे काम घरातल्या पुरुषांकडे येई. वर्षातून एवढ्या एका रात्री माझे वडील चुलीपुढे बसलेले मी पाहिले. शिवाय बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि ताकात ज्वारीचे पीठ कालवून आंबवलेली आंबील. आंबिलीचे बिंदगे आई डोक्यावर घेऊन रानापर्यंत चालत जाई. ट्रॅक्टर दारात उभा असला तरी बिंदगे ट्रॅक्टरमधून जात नसे.

रानात कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे, त्यांना पांडव म्हणायचे आणि लक्ष्मी म्हणून पूजायचे. पूजेनंतर एकाने पुढे होऊन आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि मागच्यांनी ओरडायचे, "ओलगे ओलगे सालम पलगे!" याचा अर्थ आमच्या गावात कोणालाही माहीत नव्हता आणि कोणी विचारलाही नाही. मग जेवण. वाटेने जाणाऱ्या कोणालाही हाक मारून कोपीत बसवायचे. त्या दिवशी आमंत्रण हा प्रकारच नसतो. आपले खाऊन झाले की शेजारच्या रानात, तिथून पुढच्या रानात. संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे पलिता, घेऊन पोरे बांधाबांधाने पळत.

माझी मुंबईची जाऊ एकदा आली होती. ती म्हणाली, हा सण तुमच्या धर्मात कुठे लिहिला आहे? आई म्हणाली, "लिव्हलेला नाही म्हणूनच टिकला."

---

उदगीरचा वाटसरू

ताई, भज्जीच्या वर्णनाने भूक लागली. "येळ" म्हणजे कानडीत सात, म्हणून ही सातवी अमावास्या, असे आमच्याकडे सांगतात. पण चैत्रापासून मोजले तर मार्गशीर्ष सातवा येत नाही. पलीकडे बीदर-गुलबर्ग्याकडे याच दिवसाला "एळ्ळ अमावास्या" म्हणतात, आणि एळ्ळ म्हणजे तीळ. तिळाच्या पोळ्या त्या दिवशी का असतात, हे मग वेगळे सांगायला नको. तुमची ती आरोळीही कानडीतलीच आहे. सीमेपलीकडे तिचे उच्चार अधिक शाबूत आहेत. आपल्याकडे येताना अर्थ गळाला आणि नाद उरला.

---

नागसेनवन

आतापर्यंतचा धागा वाचून मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. पेटी, माळवद, मुंतखब, रान, कोप : या सगळ्या गोष्टी कोणाच्या घरात होत्या? आमच्या घरी पेटी नव्हती. आमच्या आजोबांचे नाव कोणत्याही उर्दू, मोडी किंवा बाळबोध कागदावर सापडणार नाही, कारण त्यांच्या नावे जमीनही नव्हती आणि कर्जसुद्धा कोणी कागदावर देत नसे. येळवशीला आमची माणसेही रानात जात, परंतु दुसऱ्याच्या. आणि कोपीत कोणाला कुठे बसवायचे हे ठरलेले असे. काळी माती ताईंच्या आईने सर्वांना बसवले असेलही. मी माझ्या आजीने सांगितलेले लिहितो आहे.

आमच्या घरातला पहिला कागद १९५० नंतरचा आहे. त्या वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. त्यापूर्वी या भागातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे आणि आमच्या मुलांना ते स्वप्नातही शक्य नव्हते. माझे वडील त्या वसतिगृहात राहून शिकले. त्यांचा प्रवेशाचा कागद हाच आमचा मुंतखब.

आणि मराठवाड्याच्या अस्मितेबद्दल बोलताना विद्यापीठाचे नाव टाळता येणार नाही. २३ ऑगस्ट १९५८ ला ते मराठवाडा विद्यापीठ म्हणून सुरू झाले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर गावोगाव आमच्या वस्त्या जळाल्या. "मराठवाड्याची अस्मिता" हा शब्दप्रयोग मी लहानपणी पहिल्यांदा ऐकला तो त्या नावाला विरोध करणाऱ्यांच्या तोंडून. पुढे १४ जानेवारी १९९४ ला दोन्ही नावे एकत्र आली : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्या पाटीतला "मराठवाडा" हा शब्द वडिलांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपला म्हणून वाचला, असे ते सांगत.

---

जुने पान

नागसेनवन यांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. १९७८ मध्ये मी शिकवत होतो, आणि त्या आठवड्यात आमच्या गावात मी जे केले नाही त्याची मला आजही लाज वाटते. एवढेच लिहितो.

---

दुधना

सगळे लिहिणे उत्तम आहे, पण मागासपणाचा पाठ आपण फार सहज बाजूला ठेवतो आहोत असे मला वाटते. तोही आपल्या ओळखीचा भाग आहे, आणि तो कोणी बाहेरून चिकटवलेला नाही. मराठवाडा महाराष्ट्रात विनाअट आला, हे वाक्य आमच्या पिढीने अभिमानाने ऐकले आणि पुढे तेच वाक्य कडवट होत गेले. १९७४ चे विकास आंदोलन झाले, दांडेकर समितीने अनुशेष मोजला, राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये विकास मंडळ आले आणि २०२० मध्ये त्याची मुदत संपली. जायकवाडीचा पाया १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला; धरण एकशे दोन टीएमसीचे, पण ते भरायचे की नाही हे वरच्या धरणांतून किती सुटते यावर ठरते, आणि दर कमी पावसाच्या वर्षी नाशिक-नगरशी तोच वाद नव्याने सुरू होतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. बीडला रेल्वे पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले.

आणि ऊसतोड. आमच्या शेजारच्या तालुक्यांत दसरा झाला की गावे निम्मी होतात. नवरा-बायको मिळून एक "कोयता". मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो : "औंदा किती कोयते देतो?" बोलीचा अभिमान बाळगायचा तर हा शब्दही त्याच बोलीतला आहे. त्याचा अभिमान कसा बाळगायचा ते मला समजत नाही.

माळवदाबद्दलही एक सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला जमीन हलली तेव्हा आदल्या दिवशीच्या गणपती विसर्जनाहून दमून आलेली माणसे याच हातभर मातीखाली झोपलेली होती. भिंती जाड दगडांच्या, पण मातीत रचलेल्या. त्यानंतर औसा-उमरग्याकडे पुष्कळांनी माळवद उतरवून पत्रे घातले, आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली भाजून निघतानाही कोणी तक्रार केली नाही.

---

काळी माती

दुधना, आमच्या मावशीचे घर त्यातच गेले. नागसेनवन यांना : आईला फोन करून विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "बसवायचो, पण कोपीच्या भाईर." मी आधी लिहिलेले त्या दुरुस्तीसह वाचावे.

---

गोदाकाठ

उत्तर द्यायला महिना लागला, त्याबद्दल क्षमस्व. शहागंज यांच्या सांगण्याप्रमाणे कागदावर साल शोधले तर १३४७ फसली निघाले, महिना शहरीवर. म्हणजे १९३८ चा जुलै, श्रावण तोंडावर आलेला. परभणीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला, एकदा मनात वाचला आणि हसले.

तो मुंतखब नाही. जमिनीचा तर त्यात उल्लेखही नाही. तो तहसिलीचा परवाना आहे. माझ्या पणजोबांनी गावच्या मारुतीच्या देवळात श्रावणात नामसप्ताह आणि कीर्तने करण्यासाठी अर्ज केला होता, आणि सात दिवसांची परवानगी काही शर्तींवर मिळाली होती. कीर्तनकाराचे नाव आणि गाव लिहिलेले आहे. बाहेरगावच्या लोकांना भाषण करू द्यायचे नाही. मशिदीवरून दिंडी नेताना नमाजाच्या वेळी टाळ-मृदंग बंद ठेवायचे. धर्माशिवाय अन्य विषयावर बोलणे झाल्यास जबाबदारी अर्जदाराची. खाली तहसीलदाराची सही, गोल शिक्का, आणि एका कोपऱ्यात पणजोबांच्या मराठी सहीशेजारी "अर्ज लिहिणार" म्हणून गावातल्याच एका मुसलमान इसमाचे नाव. त्या घराशी आमचा आजही घरोबा आहे. त्यांच्या कंदुरीला आमच्याकडून नारळ जातो.

जुने पान सरांची गश्ती मला त्या कागदात दिसली. जनाबाईच्या गंगाखेडापासून चार कोसांवरच्या देवळात तिचाच अभंग म्हणायला उर्दूत अर्ज करावा लागला होता. त्याच वेळी तो अर्ज कोणी लिहून दिला होता, हेही त्यात आहे. मशिदीची शर्त गुरुजींनी मोठ्याने वाचली तेव्हा मला ती जाचक वाटली. मग आठवले की आमच्या गावची दिंडी आजही तिथे आल्यावर आपोआप थांबते, आणि मला वाटत होते की ही आमची पद्धत आहे. नागसेनवन यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या देवळात तेव्हा कोण आत होते आणि कोण पायरीखाली, हे परवान्यात लिहिलेले नाही. लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नसेल.

गुरुजींनी मराठीत उतरवून दिलेला मजकूर घरी आजीला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "सप्ता झाला व्हता. मव्ही सासू सांगायची, लई पाऊस लागला व्हता त्या साली." थोडा वेळ थांबून तिने कापड मागितले, कागद पुन्हा गुंडाळला, आणि मला विचारले, "मंग जमिनीचा कागद कुठंय?"

पेटीतले मोडीचे बंडल अजून वाचायचे आहे. मोडी वाचणारे कोणी इथे असतील तर कृपया कळवावे.